मिस ओलेटांचा अधांतरी चेंडू

तुम्ही एका म्हातारीच्या नातवाचा चेंडू हवेत लटकवून ठेवलात. माझा आरोप एवढाच आहे आणि तो मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. तुमचं नाव मला माहीत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात, वरच्या मजल्यावर, काचेच्या दारामागे तुम्ही बसता एवढं ठाऊक आहे, कारण त्या दारापर्यंत मी अनेकदा आलो आणि प्रत्येक वेळी तुम्ही बैठकीत होतात. इतक्या बैठका देश चालवणाऱ्यांनाही परवडत नसतील. भेटत नाही म्हणून लिहितो आहे. वाचायला वेळ नसेल तर बैठकीत वाचा.

मी वेंडेल. गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. तुमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर मीच बसवलेले चष्मे आहेत, आणि तरीही त्यांना काही दिसत नाही, हा काचांचा दोष नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या संघाचं नाव बगळे. (फुटबॉल खेळणाऱ्या धिप्पाड पोरांना बगळे म्हणण्याची कल्पना कुणाची, हा वेगळा आरोप होईल, तो इथे करत नाही.) सामन्याच्या शनिवारी आम्ही सकाळीच स्टेडियमच्या पार्किंगमध्ये येतो, पिकअपचे मागचे फळके पाडतो, तंबू उभे करतो, आणि मिस ओलेटांची, म्हणजे त्याच म्हातारीची, बिडाची कढई चुलीवर चढते. त्यात बर्गू शिजतो. मेंढीचं मटण, कोंबडी, मका, भेंडी, आणि ज्याच्या घरी जे उरलं असेल ते. बर्गू ढवळायचा थांबला की तळाला लागतो, म्हणून वल्ह्याएवढा लाकडी कालथा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहतो. आणि आमचा जुना रिवाज असा, की बगळ्यांनी गुण मिळवला त्या क्षणी कालथा ज्याच्या हातात, पहिला वाडगा त्याचा. हा रिवाज नीट लक्षात ठेवा. याच्यावरून आमच्यात भाऊ भावाशी बोलेनासे झाले आहेत.

आमच्यातल्या बहुतेकांकडे तिकीट नसतं. आत गर्जना झाली की बाहेर आम्हाला कळतं. पिढ्यान् पिढ्या आम्ही कानांनी सामना बघत आलो आणि आमचं काही अडलं नाही. मिस ओलेटांचं मात्र तसं नव्हतं. त्यांची आत खुर्ची होती, लिफ्टने जाता येईल अशी, खालच्या ओळीत. तिथे तुम्ही मोठ्या देणगीदारांसाठी काचेची खोली बांधलीत आणि मिस ओलेटांना अगदी वरच्या माळ्यावरची, पायऱ्या चढून जायची जागा दिलीत. पत्रात लिहिलंत, 'उत्कृष्ट दृश्य'. मिस ओलेटांनी पत्र घडी करून कढईखाली सारलं आणि म्हणाल्या, "एवढ्या वरून देवालाही दिसतं. त्यालाच द्या म्हणावं ती खुर्ची."

त्यांचे गुडघे गेलेत. कसे गेले तेही ऐका. त्यांचा नातू ब्रॅन्सन त्यांच्याचकडे वाढला. पोराला लहानपणापासून चेंडू लाथाडायचा नाद. पण आपल्या फुटबॉलचा तो लांबट चेंडू मारायचा तर कुणीतरी समोर बसून तो बोटाने उभा धरावा लागतो, आणि घरात दुसरं होतं कोण? मिस ओलेटा परसात गवतावर गुडघे टेकायच्या, बोटाने चेंडू धरायच्या, आणि तो धुण्याच्या दोरीवरून मारायचा. उन्हात, थंडीत, ओल्या गवतात. त्याला एकच खोड होती: चेंडू गेला कुठे हे बघायला तो आधीच डोकं वर करायचा, आणि मग चेंडू शेजारच्या कोंबड्यांत जायचा. "डोकं खाली," हे वाक्य आमच्या गल्लीने प्रार्थनेपेक्षा जास्त ऐकलंय. तो पोरगा या पानझडीत बगळ्यांचा किकर झाला. आणि त्याच पानझडीत तुम्ही त्याच्या आजीची खुर्ची काढून घेतलीत.

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. बायको, लुरीन, म्हणते की माझ्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात याच वाक्याने होते. पण मिस ओलेटा कढईपाशी बसून स्टेडियमच्या भिंतीकडे बघत होत्या, एखादी बाई रुग्णालयाच्या बंद दाराकडे बघते तशा. मी पटकन बोलून गेलो, "मिस ओलेटा, मी इथे टीव्ही आणतो. उपग्रहावरून. ब्रॅन्सनची एकही किक तुमची चुकणार नाही."

सगळा तंबू माझ्याकडे वळला. लुरीनने फक्त डोळे मिटले.

डिश मी एका गृहस्थाकडून घेतली. त्याने आपलं फिरतं घर विकलं होतं आणि मागे ही छत्री उरली होती. डिश, तीन पायांचा स्टँड, केबलचं वेटोळं. तो म्हणाला, सोपं आहे, दक्षिणेकडे तोंड करायचं, जरा पश्चिमेला कलवायचं आणि अर्ध्या आकाशाएवढं वर बघायचं. आयुष्यात ज्यांनी मला 'सोपं आहे' म्हणून सांगितलं त्या सर्वांची एकदा एकत्र पंगत बसवायची आहे आणि तळाला लागलेला बर्गू वाढायचा आहे.

पहिल्या शनिवारी मी स्टँड कढईशेजारी उभा केला, कारण तंबू तिथे, टीव्ही तिथे, मिस ओलेटाही तिथे. लगेच सल्लागार जमले. डिश हे यंत्र उपग्रह शोधण्यासाठी केलंय असं लोक समजतात. ते सल्लागार शोधण्यासाठी केलेलं आहे, आणि त्या कामात ते कधी चुकत नाही. कुणी म्हणालं डिशला ओला रुमाल बांध. कुणी म्हणालं आमच्या मेव्हण्याची तर गच्चीवर उलटी लावली तरी चालते. आणि मग कंपास घेऊन आला गार्लंड. गार्लंडने सगळी हयात नदीवर मालाच्या बार्जा हाकण्यात घालवली, त्यामुळे दिशांबद्दल त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. त्याने कंपास तळहातावर धरला, डोळे बारीक केले, आणि बर्गूच्या कढईकडे बोट दाखवून सांगितलं, "उत्तर ही. म्हणजे दक्षिण तुझ्या पाठीमागे."

पाठीमागे सार्वजनिक संडास होता. आम्ही डिश संडासाकडे वळवली. टीव्हीच्या पडद्यावर 'उपग्रह शोधत आहे' एवढंच वाक्य आलं आणि तिथेच राहिलं. लोक खुर्च्या ओढून तेच वाक्य बघत बसले. आत सामना चालू, बाहेर आम्ही बर्गू खात एक वाक्य बघतोय. मिस ओलेटांनी विचारलं, "वर कुणी बसलेलं असतं का रे, वेंडेल?" मी म्हणालो, नाही, नुसतं यंत्र असतं, विषुववृत्तावर एका जागी टांगल्यासारखं. त्यांनी बराच वेळ वर बघितलं. "मग ते पडत का नाही?"

हे मला माहीत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा विचार केला. रोज लोकांच्या डोळ्यांत बत्ती मारून बघणारा माणूस मी, पण इतकी वर्षं डोक्यावर काय टांगलंय हे मान वर करून पाहिलं नव्हतं. नंतर वाचून काढलं. ते पडतच असतं म्हणे, सतत, पण पृथ्वीही त्याच्याखालून तितकीच वाकत जाते, म्हणून कधी पोहोचत नाही. हे मी मिस ओलेटांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पेन्शनसारखं."

गार्लंडची दिशा चुकली हे लुरीनने शोधलं. ती कंपास हातात घेऊन सहज कढईभोवती फिरली. तर सुईही फिरत फिरत कढईकडेच बघत राहिली, गार्लंडची नजर बघते तशी. एवढं मोठं बीड शेजारी असल्यावर बिचारी सुई आणखी कुठे बघणार? गार्लंड म्हणाला नदीवर असं कधी झालं नव्हतं. नदीवर त्याने कंपास कधी काढलाच नव्हता. नदी एकाच बाजूला वाहते, तिथे दिशा विचारते कोण, हे मला फार उशिरा सुचलं.

कढईपासून दूर जाऊन कंपास धरला, तेव्हा खरी दक्षिण सापडली. आणि खऱ्या दक्षिणेला काय होतं? स्टेडियम. थेट, उंच, निर्लज्ज. कारण आमची जुनी पार्किंगची जागा दक्षिण बाजूला होती, ती तुम्ही देणगीदारांच्या गाड्यांना दिलीत आणि आम्हाला उत्तरेला, भिंतीच्या सावलीत ढकललंत. ज्या सामन्याचं चित्र हवं, तोच सामना चित्राच्या आड उभा! असा विनोद तुम्ही ठरवून केला असेल तर मी टोपी काढतो. न ठरवता केला असेल तर मात्र तुमच्या हुशारीची काळजी वाटते.

मग मी डांबरावर उताणा झोपलो, एक डोळा मिटून भिंतीचा माथा बघत बघत मागे सरकू लागलो. लोकांना वाटलं मला झटका आला. एक बाई पाणी घेऊन धावली. सरकत सरकत ज्या जागी भिंतीवरून अर्धं आकाश मोकळं दिसलं, ती जागा संडासाच्या दाराशी होती. तिथे डिश उभी राहिली. तंबू तिकडे हलवावा म्हणालो, तर मिस ओलेटांनी आधी संडासाकडे बघितलं, मग कढईकडे, आणि माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणून केबल वाढवली, गाड्यांच्या वाटेवरून पार तंबूपर्यंत, वर जुना गालिचा टाकून.

आता चित्र यायला हरकत नव्हती, पण डिशच्या कंपनीला होती. फोनवर बाईंनी गोड आवाजात विचारलं, साहेब, तुम्ही सध्या तुमच्या घरीच आहात ना? आता इथे कुठलाही शहाणा माणूस हो म्हणतो. मी म्हणालो, नाही, पार्किंगमध्ये आहे. प्रामाणिकपणाचा किडा चावला की त्यावर औषध नाही. बाई म्हणाल्या, मग स्थानिक वाहिन्यांसाठी तिथला पत्ता नोंदवावा लागेल. पार्किंगचा पत्ता सांगा.

पार्किंगला पत्ता नसतो. मी तुमच्या कार्यालयात आलो. खालच्या माणसाने सांगितलं, पत्ता इमारतीला मिळतो, मोकळ्या जागेला नाही. मी विचारलं, मग त्या जागेत कुठली इमारत आहे? त्याने नकाशा काढला, बोट फिरवलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "संडास."

अशा रीतीने उत्तर पार्किंगचा संडास माझा अधिकृत दुसरा पत्ता झाला. पुढच्याच आठवड्यात तिथे कंपनीचं स्वागतपत्रही आलं. सफाईवाल्याने ते आरशाला चिकटवलं: 'प्रिय रहिवासी, आमच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे.' गार्लंड आजही मला रहिवासी म्हणतो.

पण चित्र आलं. हिरवं मैदान, निळे-राखाडी बगळे, अगदी गवताची पात न् पात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस ओलेटांनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसला, माझ्याच दुकानातला. मला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. ते सुख पहिल्या गुणापर्यंत टिकलं.

झालं असं. आत प्रचंड गर्जना उठली. आम्ही सगळे पडद्याकडे बघतोय, आणि पडद्यावर पोरं अजून गुडघ्यांवर हात ठेवून उभी! मग ती सावकाश उठली, पळाली, आणि जे झाल्याचं सगळ्या गावाला कळलं होतं ते आमच्या पडद्यावर व्हायला लागलं. कंपनीचं म्हणणं असं की चित्र गुंडाळायचं, वर पाठवायचं, खाली आणून उलगडायचं, याला थोडा वेळ लागणारच. आमच्यातल्या लोकांना हे पटेना. भिंतीपलीकडे चाललेला सामना अंतराळात जाऊन येतो? त्यांच्या मते मी शिळा सामना आणला होता. कुणीतरी विचारलं, ताजा मागवला तर जास्त पैसे पडतात का.

आणि लगेच रिवाजाचा प्रश्न उभा राहिला. गर्जना झाली तेव्हा कालथा गार्लंडच्या हातात होता. पडद्यावर गुण झाला तोवर तो लुरीनच्या हातात गेला होता. पहिला वाडगा कुणाचा? झालं, तंबूत दोन पक्ष पडले. कानवाले आणि डोळेवाले. कानवाल्यांचं म्हणणं, बापजाद्यांपासून कानावर चाललंय. डोळेवाले म्हणाले, दिसतंय तर ऐकायचं कशाला. मी डोळेवाल्यांत, धंदाच तो. पण वाडगा बायकोला मिळणार म्हणून मी तसं बोलतोय असा माझ्यावर जाहीर आरोप झाला. शेवटी मिस ओलेटांनी निवाडा दिला. "कढई माझी. मी बघेन तेव्हा गुण झाला. त्याआधी ओरडायचं ते पलीकडे ओरडा."

कानवाले गप्प बसले, पण ऐकणं कुणी थांबवू शकत नव्हतं. प्रत्येक गोष्ट आम्हाला आधी कळायची आणि मग दिसायची. ब्रॅन्सन किक मारायला आला की मिस ओलेटा आपली कानातली यंत्रं काढायच्या आणि लुरीनच्या हातात द्यायच्या. मग त्यांच्यासाठी जग गप्प. पण आमची तोंडं तर दिसत होती! म्हणून आत गर्जना झाली की सगळ्यांनी टोप्या डोळ्यांवर ओढायच्या, नाहीतर पाठ फिरवायची. गार्लंडचं हसू टोपीत मावत नाही, त्याला थेट डिशकडे पाठवायचे. त्या मोसमात ब्रॅन्सनने मारलेली प्रत्येक किक मिस ओलेटांनी अशीच बघितली, आमच्या पाठींच्या कुंपणात बसून, काही कळायच्या आधी. सगळ्या पार्किंगमध्ये ताजा सामना त्या एकट्याच बघत होत्या.

आता तुमच्या शनिवारी येतो. मोसमातला शेवटचा सामना. बगळे दोन गुणांनी मागे, घड्याळ संपत आलेलं, आणि पडद्यावर ब्रॅन्सन धावत मैदानात आला. चेंडू दोन खांबांमधून गेला तर तीन गुण, सामना आपला. नाही तर नाही. मिस ओलेटांनी यंत्रं काढली. लुरीनने मूठ मिटली. आजूबाजूच्या तंबूंतली माणसंही येऊन उभी राहिली होती, शिळा सामना म्हणून हसणारी तीच. कालथा माझ्या हातात होता.

आणि आतून आवाज आला. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. गर्जना नव्हती. भरलेल्या कढईवरून झाकण निसटून पडावं आणि मग सगळं शांत व्हावं, तसा.

पडद्यावर ब्रॅन्सन अजून पावलं मोजत होता. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. आमच्या मधोमध एक बाई पुढे झुकून बसली होती, तिचं एक बोट पुढे आलेलं, जणू गवतावर चेंडू धरलाय, आणि तिला काहीही माहीत नव्हतं. मी कढईत बघत राहिलो. गार्लंड डिशकडे गेलेला नव्हता. पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतंच, तो नुसता आपल्या बुटांकडे बघत होता.

ब्रॅन्सन धावला. पाय बसला. चेंडू उठला, वर, आणखी वर, खांबांच्याही वर, आणि चित्र थिजलं.

कारण त्याच क्षणी तुमचा माणूस आला होता. बॅटरीवरच्या त्या छोट्या गाडीत, वाटेवर केबल टाकल्याची चौकशी करायला. आणि ती गाडी, छतासकट, त्याने नेमकी डिशच्या तोंडासमोर उभी केली. एवढं मोठं पार्किंग, पण त्याला तीच जागा सापडली. मी कालथा घेऊन धावलो. तो म्हणाला, "ही केबल कुणाची? हुकूम आहे, जप्त करायची." मी म्हणालो, बाबा, आधी गाडी काढ, मग मलाही जप्त कर. त्याने तंबूकडे बघितलं, तिथल्या इतक्या लोकांच्या पाठी बघितल्या, पडद्यासमोरची म्हातारी बघितली. मग गाडी मागे घेतली. तो माणूस वाईट नव्हता, हे नोंदवून ठेवतो. हुकूम तुमचा होता.

पण तोवर उशीर झाला होता. पडदा पुन्हा उपग्रह शोधायला लागला, आणि चित्र परतलं ते साबणाच्या जाहिरातीसकट. मिस ओलेटांनी हात वर केला. "बंद कर, वेंडेल."

मी म्हणालो, आत्ता दाखवतील पुन्हा. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण कळलं. "बंद कर म्हटलं ना. मला टीव्हीकडून नको. तुमच्याकडूनही नको."

यंत्रं त्यांनी परत घेतली नाहीत. बसून राहिल्या. गर्दी पांगली, गाड्या निघाल्या, आम्ही तंबू काढायचे ते काढले नाहीत. आम्हा सगळ्यांना माहीत, सगळ्या राज्याला माहीत, आणि त्या एका खुर्चीपुरता चेंडू अजून हवेतच. मला तो उपग्रह आठवला. पडतच असतो, पण पोहोचत नाही.

बऱ्याच वेळाने ब्रॅन्सन आला. केस ओले, खांद्यावर पिशवी. आमच्या तोंडांकडे न बघता तो सरळ कढईपाशी आला आणि आजीच्या पुढ्यात डांबरावर गुडघे टेकून बसला. लुरीनने मूठ उघडली. मिस ओलेटांनी यंत्रं कानांत घातली, नीट, घाई न करता.

"कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे, मॅमॉ."

"किती डावीकडे?"

"बँडवाल्यांत."

"कोंबड्यांपेक्षा बरे." त्यांनी त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "डोकं वर केलंस?"

"नाही मॅमॉ. आवाज येईपर्यंत खालीच होतं."

"मग झालं," मिस ओलेटा म्हणाल्या आणि माझ्या हातातला कालथा घेतला. त्यांनी तळापासून ढवळलं, वाडगा भरला आणि त्याच्या हातात दिला. गुण झालेला नसताना पहिला वाडगा दिला गेला, असं आमच्या पार्किंगमध्ये आजवर घडलं नव्हतं. कानवाल्यांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. डोळेवाल्यांनी चमचा दिला.

सोमवारी तुमचं पत्र आलं. पुढच्या मोसमापासून उत्तर पार्किंगमध्ये डिश, स्टँड, केबल, सगळ्यालाच बंदी. खाली सही नाही, नुसता शिक्का. ठीक आहे. डिश मी काढतो. भंगारात देईन, नाहीतर तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवीन. मला तुमच्याकडून माफी नको आणि काचेच्या खोलीतली खुर्चीही नको, तिथे बर्गू आत नेऊ देत नाहीत. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. ब्रॅन्सनची संघात अजून दोन वर्षं आहेत. ज्या बाईने गवतावर गुडघे टेकून तुमच्या किकरचा चेंडू धरला, ती पुढच्या पानझडीत कुठे बसणार?

उत्तर लेखी द्या, सहीसकट. पत्ता तुमच्याच माणसाने नकाशावर बोट ठेवून दिलेला आहे: उत्तर पार्किंग, संडास. आरशावर जागा रिकामी ठेवली आहे.